पणजोबांची साक्ष

मी जुन्या काळातल्या रहस्यकादंबऱ्या लिहिते आणि त्यातले खून शक्यतो घरचेच घेते. परक्यांचे पूर्वज उकरले तर वकिलाची नोटीस येते. आपले उकरले तर फार तर लग्नाची आमंत्रणं येत नाहीत. एवढं नुकसान मला परवडतं.

वंशावळ जुळवताना पणजोबांची धाकटी बहीण सापडली. पणजोबा फोटोग्राफर होते. त्यांच्या घरातल्या डार्करूममध्ये ती ऐन विशीत गुदमरून गेली. दार अडकलं, औषधांच्या वाफा कोंडल्या, असं घरात सगळे सांगत आले. पणजोबांची साक्ष एवढीच, की मी दाराशीच फोटो रंगवत बसलो होतो, आतून हाक आली नाही. मला काही ते पटेना. जीव जाताना माणूस गप्प कशाला बसेल? माझ्या कादंबरीत खुनी पणजोबाच ठरले.

हे कळल्यावर काका हादरले. ऐंशीचे काका अजून त्याच घरात राहतात, आणि माझे पणजोबा म्हणजे त्यांचे आजोबा, त्यांच्याच अंगाखांद्यावर ते खेळलेले.

"गेलेल्या माणसाच्या तोंडाला काळं फासू नकोस," ते म्हणाले. "ते काय उत्तर द्यायला येणार आहेत?"

"मग करूनच पाहू," मी म्हटलं. ही माझी जुनी खोड. लिहिण्याआधी मी प्रत्येक खून करून पाहते. मी आत ओरडायचं, काकांनी दाराबाहेर थांबायचं. ऐकू आलं नाही तर पणजोबा निर्दोष, आणि पुस्तक मी फाडून टाकणार.

भर दुपार होती. काकांनी बाहेरून कडी लावली आणि आत मिट्ट काळोख झाला. तिथे कित्येक वर्षांत कुणी फोटो धुतला नव्हता, तरी नाकाला झोंबणारा आंबूस वास येत होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, दार बडवलं. काका उघडेनात. शेवटी कडी वाजली, तोवर माझा घसा पार बसला होता.

"काही ऐकू आलं नाही." काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सुटले बघ आजोबा. चल, चहा घेऊ."

मला खरंच बरं वाटलं. पण ऐंशीच्या कानांवर किती भरवसा ठेवायचा? ते नको नको म्हणत असताना मी त्यांना आत पाठवलं आणि दार घट्ट ओढून धरलं. त्यांच्या चपला ऐकू आल्या. धाप ऐकू आली. मग अगदी हळू, "बास... उघड आता."

मी उघडलं. "काका, श्वाससुद्धा ऐकू येतो की."

ते स्टुलावर बसले.

"ऐकलं होतं मी... सगळं. तू ओरडत होतीस. आणि आत आणखी एक पोरगी होती... ती तुला गप्प करत होती."

"काय म्हणत होती?"

"'ओरडू नकोस... दादा बाहेरच उभा आहे.'"

म्हणजे पणजोबांची साक्ष खरी होती. हाक आलीच नव्हती.

"मग तुम्ही लगेच उघडलं का नाही?"

"उघडायलाच धावलो गं. पण कडीवर आधीच एक हात होता... फोटोच्या औषधांनी काळी पडलेली बोटं. मी हात जोडले. म्हटलं, आजोबा, आपलीच पोर आहे ती... तेव्हा कुठे त्यांनी कडी सोडली."