तिच्या उंचीची खिडकी

त्या दुपारी मी वाचनालयात गेले, ती एक खिडकी बुजवताना बघायला. माझे यजमान आर्किटेक्ट होते. ते गेल्यावर त्यांची ही शेवटची इमारत एका समितीच्या ताब्यात गेली, आणि समितीच्या डोळ्यांत ती खिडकी खुपत होती.

ह्यांच्या इमारतींवरून कायम रण माजायचं. तिरक्या भिंती, मध्ये एकही खांब नाही. कुणी डोक्यावर घेई, कुणी म्हणे, इमारत आहे की घसरगुंडी. पण सगळ्यांत जास्त टर उडायची ती दर इमारतीतल्या एका हातभर खिडकीची. पहिल्या इमारतीत ती गुडघ्याच्या जरा वर होती. "मांजरांची सोय केलीय का?" असं भर सभेत विचारलं होतं एकाने. पुढच्या इमारतीत ती थोडी वर, त्यापुढच्या इमारतीत आणखी वर. ह्यांनी त्याचं कारण कधी कुणाला सांगितलं नाही.

मला माहीत होतं. आमची मुलगी लहानपणीच तापाने गेली. खिडकीतून बाहेर बघायचा भारी नाद होता तिला.

"उंची कशी ठरवता?" मी एकदा विचारलं.

"भिंत अर्धी चढली की तिथे तिचं डोकं दिसतं... मी खूण करतो. मोठी होतेय गं."

मला भीती नाही वाटली, हेवा वाटला. माझ्याकडे ती कधीच आली नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती खिडकी नेमकी माझ्या डोळ्यांसमोर आली. पोर माझ्याएवढी झाली होती. गवंड्याने आतून विटा अर्ध्यावर आणल्या होत्या. वरच्या काचेवर वाफ होती, श्वास सोडल्यावर उमटते तेवढीच. मी रुमालाने पुसली. गेली नाही. पुन्हा पुसली.

वाफ बाहेरून होती. बाहेर सरळसोट भिंत, खूप खाली रस्ता.

आम्ही समजत होतो, ती आतून बाहेर बघते. ती इतकी वर्षं बाहेर उभी राहून आम्हाला शोधत होती.

"थांबा हो जरा... तिला आत घ्यायचंय."

"कुणाला, काकू?" गवंड्याने मान वर केली नाही. "माल कालवलाय, सुकून जाईल. आणि ही काच उघडत नाही."

खरंच होतं ते. पोर पडेल म्हणून ह्यांनी दर वेळी काच पक्कीच बसवली होती.

मी काचेवर तळहात टेकवला. गवंड्याने तो हलकेच बाजूला केला आणि विटा वर चढत गेल्या. शेवटच्या विटेपुरती फट उरली, तेव्हा वाफ जराशी वर सरकली... टाचा उंच करून कुणी बघावं तशी.