शिळ्या पाण्याचा भार

बुधवारी सकाळी अप्पा चौगुले खाटेसकट खालच्या मजल्यावर गेले. जिन्याने नव्हे. पण ते सोडा. तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. सध्या अप्पा तिसऱ्या मजल्यावरच आहेत, आणि त्यांच्या लेकीने, समिधाने, नुकतीच माशांची टाकी आणली आहे.

अप्पांचा खुबा मोडला होता. आतल्या खोलीत पडून ते छताला नावं ठेवायचे. मासे बघून जिवाला जरा स्वस्थता येईल, म्हणून समिधाने खाटेवरून दिसेल अशी बाहेरच्या खोलीत टाकी मांडली. सगळं शास्त्रशुद्ध. पाणी दिसायला हलकं, पण लिटरला किलोभर भरतं, वर वाळू आणि काच. म्हणून टीपॉय नको, लोखंडी स्टँड. तोही भिंतीलगत, पाणसळ लावून सपाट केलेला. काचेखाली थर्माकोल, म्हणजे ताण एकाच जागी येऊन तडा जायला नको. पाणी आठवड्याला चौथाईच बदलायचं.

इथवर चूक नव्हती. चूक नळाला पाणी आल्यावर झाली.

इचलकरंजीत नळ आला की आधी शिळं पाणी ओतून द्यायचं, मग ताजं भरायचं. समिधाच्या आईच्या लेखी टाकी म्हणजे काचेचं पिंप. रोज सकाळी मासे बादलीत, टाकी रिकामी, टाकी भरलेली, मासे परत.

"आई, मरतील ते अशानं."

"मग शिळ्या पाण्यात ठेवू होय? पाहुणे आहेत ते."

मासे मेले नाहीत. नळ सूं करायला लागला की ते आपणहून वर येऊन बादलीची वाट बघत. त्रास झाला तो इमारतीला.

त्या काळात गावातल्या झाडून सगळ्या इमारती अस्थिबंधाच्या होत्या. अस्थिबंध म्हणजे हाडासारखं वागणारं काँक्रीट. त्यात सूक्ष्मजीव राहतात. लोक त्यांना चुनेकरी म्हणत. जिथे भार जाणवेल तिथे त्यांनी चुना नेऊन घालायचा आणि जिथे जाणवत नाही तिथून काढायचा. पैलवानाचं हाड भरतं, अंथरुणाला खिळलेल्याचं झिजतं, तसंच. डागडुजीची कटकट नाही, म्हणून सगळे खूश होते.

एकदा अप्पांच्या औषधाचं बूच पडलं आणि घरंगळत खाटेखाली, खोलीच्या मधोमध जाऊन बसलं. उचलून दारापाशी ठेवलं, तरी पुन्हा तिथेच गेलं. समिधाने पाणसळ लावून पाहिली आणि डॉ. वैजयंती धुमाळांना बोलावलं. चुनेकरी पहिल्यांदा ज्यांनी वाढवले, त्यांत या बाईही होत्या.

त्यांनी दोन्ही खोल्यांतली जमीन ठोकून पाहिली. टाकीखाली दगडासारखा आवाज आला. खाटेखाली पापडासारखा.

"पण खाटेवरही वजन आहेच की, मॅडम. अप्पा आहेत."

"वजन आहे, पण हलत नाही. हाडाला नुसता भार कळत नाही, बदलता भार कळतो. तुमची टाकी रोज रिकामी होते, रोज भरते. चुनेकऱ्यांना वाटतं, इथे कुणीतरी तालीम करतंय."

"आणि अप्पा?"

"ते त्यांना फर्निचर वाटतात."

"मलाही तसंच वाटतं," अप्पा आतून म्हणाले.

"खाट हलवली तर?"

"हलवा. पण जिथे न्याल तिथे ते पडूनच राहणार ना? चुना तिथूनही निघेल."

आईने त्या दिवसापासून टाकीला हात लावला नाही. शिळ्या पाण्याकडे बघून ती रोज माशांची माफी मागायची. उपयोग झाला नाही. कारण एव्हाना जमीन ठोकून बघायची अक्कल इमारतभर पसरली होती. वरचे मगदूम दोरीवरच्या उड्या मारू लागले. शेजारच्या आवाडेंनी भाचीचा नाचाचा क्लास घरात आणला. जो तो आपापल्या पायाखाली चुना ओढत होता. कुणाचा जाणार, हे कुणी विचारत नव्हतं. विचारायला थांबलं की जमीन पातळ व्हायची.

मग समिधा खाटेशेजारी उड्या मारू लागली. जमीन भरू लागली, पण प्रत्येक उडीला अप्पांच्या खुब्यातून कळ जायची. ते ओठ दाबून टाकीकडे बघत राहायचे.

"बस कर पोरी," ते शेवटी म्हणाले. "मासे घाबरतात."

मासे घाबरत नव्हते. समिधा थांबली.

तिने डॉक्टरबाईंना फोन केला. "चुनेकऱ्यांना सांगता येत नाही का, की खाटेवर माणूस आहे?"

"त्यांना भाषा नाही गं. आम्ही त्यांना भार तेवढा शिकवला."

"मग अर्ज कुणाकडे करायचा?"

बाईंनी महापालिकेत धाडलं. महापालिकेने इमारतीकडे बोट दाखवलं. म्हणून मंगळवारी समिधाने अर्ज इमारतीच्याच नावे लिहिला आणि खाटेखाली सरपटत जाऊन, जिथे बूच जाऊन बसायचं तिथे चिकटवला:

'मा. चुनेकरी यांस. विषय: हलत्या भाराची नोंद घेणेबाबत. महोदय, अर्जदाराचे वडील स्थिर दिसत असले तरी त्यांची छाती दिवसरात्र वरखाली होत असते. तरी सदर श्वासोच्छ्वास हा हलता भार म्हणून ग्राह्य धरण्यात यावा, ही नम्र विनंती.'