हिंडलग्याची कुल्फी

"आप्पा, उरलेल्या सगळ्या कुल्फ्या द्या," मैत्री म्हणाली, तोच मागून कुणीतरी कळवळून ओरडलं, "अवो, एक तरी ठेवा की ओ आम्हाला!"

तिनं वळून पाहिलं. उन्हानं लालबुंद झालेला, बाहीनं घाम पुसणारा एक उंच पोरगा... डोळे मात्र हसरे.

"एकट्याच खाणार व्हय एवढ्या?"

"खाणार न्हाय. वितळतात का ते बघणार हाय."

खासबागच्या भर चौकात तो असा खळखळून हसला, की मैत्रीला राग यायचा राहूनच गेला.

आणि गंमत बघा, थोड्या वेळानं औषध कंपनीच्या ऑफिसात पुन्हा तोच समोर! प्रज्ञेश, निपाणीचा, कंपनीचा फार्मासिस्ट. मैत्री खासबागचीच, पण नोकरी याच कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात. शहरातल्या दवाखान्यांना औषधं पुरवायला नवं गोदाम गजबजलेल्या खासबागेत हवं की शहराबाहेरच्या हिंडलग्याला, एवढं ठरवून द्यायला तिला पाठवलं होतं. जुन्या गोदामाचा पत्रा तापायचा, इन्सुलिन खराब व्हायचं. खरी औषधं उन्हात हिंडवून कशी बघणार? म्हणून मैत्रीबाईंनी युक्ती काढली. बर्फाच्या डब्यात कुल्फी ठेवायची, भर दुपारी व्हॅननं दवाखान्यापर्यंत न्यायची. जिथली कुल्फी घट्ट पोचेल, तिथं गोदाम.

खासबागच्या गल्लीत व्हॅन एका टेम्पोसमोर अडकली ती अडकलीच. कुल्फीचं दूध झालं. हिंडलग्याचा रस्ता मोकळा, तिथली तरी घट्ट यायला हवी होती. पण डबा उघडला तर तीही पातळ!

"आता ओ?" प्रज्ञेशनं भोळा चेहरा केला. "उद्या परत बघूया की, मॅडम."

चेहरा भोळा, पण मिशीला मलई! झाकण कुणी उघडलं हे कळायला काय पुण्याची डिग्री लागते? जागा ठरली की मॅडम पुण्याला जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि आमच्या मैत्रीबाई? मिशी बघून न बघितल्यासारखं करत म्हणाल्या, "बघूया की." चोराला पहारेकरीणच सामील!

मग रोज दुपारी व्हॅन, रोज कुल्फी. तो निपाणीच्या गप्पा सांगायचा, ती हसता हसता खिडकीबाहेर बघायची... आणि आरशातून त्याच्याकडे.

एके दिवशी दवाखान्यात दोघं डबा उघडत होती, तेवढ्यात मधुमेहाच्या पेशंट मालुबाई आल्या. म्हातारीनं इन्सुलिनची बाटली टेबलावर ठेवली. "ह्ये गरम लागतंय रं लेकरा. टोचू का नको?"

प्रज्ञेशनं बाटली बदलून दिली, पण त्याची मान वर होईना. मैत्रीनं ती गरम बाटली हातात घेतली. आपल्याला चार दिवस जास्त मिळावेत म्हणून ह्या बाईंनी गरम औषध टोचून घ्यायचं?

मालुबाई गेल्या. मैत्रीनं फोन काढला. "हिंडलगा. आत्ताच कळवते."

"पण कुल्फी तर..."

"कुल्फी तुमच्या मिशीत होती, प्रज्ञेश. पहिल्या दिवसापासनं."

त्याचे कान लाल झाले. "कळलं हुतं, तर बोलला का न्हाईसा?"

"मला तरी कुठं जायचं होतं..." बोलून गेली आणि जीभ चावली. पण फोन मात्र लावला. हिंडलगा ठरलं. रविवारची पुण्याची गाडीही ठरली. तिनं रिकामा डबा आवरायला घेतला, तेव्हा डोळे भरून आले होते. काय उपयोग लपवून?

प्रज्ञेशनं डब्यावर हात ठेवला. "अजून एक जागा बघायची ऱ्हायलीया."

"कुठली?"

"निपाणीत. आमचं घर." तो थांबला. मग पहिल्यांदाच 'मॅडम' गिळून म्हणाला, "कायमचं ऱ्हायला जमतंय का, ते बघ. मैत्री... तू मला लई आवडतीस गं."

तिनं डोळे पुसले. मोठ्या कामाच्या थाटात विचारलं, "रस्ता मोकळा हाय?"

"एकदम. आईनं दार उघडंच ठेवलंय."

"मग रविवारची गाडी चुकली समज. डबा घेऊन येते. पण कुल्फी घट्ट पोचली तरच बघू!"

प्रज्ञेशनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. "झाकणाला बोट लावणार न्हाय."

रविवारी निपाणीत डबा उघडला. कुल्फी दगडासारखी घट्ट होती. फक्त दोन कमी होत्या, आणि या वेळी मलई मैत्रीच्याही ओठांना लागली होती.