पूर्णेकाठचं आवतण

केदारखेड्यात पोळ्याचं तोरण तोडायचा मान रामरावांच्या बैलांचा. आज्यापासूनचा. पण छप्पन साली ऐन श्रावणात त्यांचा पवळ्या रोगानं गेला अन् जोडी मोडली. मान आता कचरूच्या जोडीला, असं चावडीवर ठरलं. रामरावांना अन्न गोड लागेना. लागेल कसं?

त्यांच्या ओसरीवर एक कवटी होती. पुण्याहून जुनी हाडं शोधायला आलेल्या आठल्ये सरांनी उन्हाळ्यात पूर्णेच्या दरडीतून काढलेली, पार दगड झालेली. रस्ते चिखलात गेले म्हणून इथंच राहिलेली. रानबैलाची. एकेक शिंग माणसाच्या हाताहून लांब. सर सांगायचे, हजारो वर्षांमागं असे कळप, हत्ती, पाणघोडे गवताच्या मागं मागं या खोऱ्यात उतरले. पुढं पाऊस हटला, गवत विरळ झालं. पाणघोडे संपले, कळप निघून गेले. कुठं गेले, असं रामरावांनी विचारलं, तर सर म्हणाले, हाडं तेवढं सांगत नाहीत.

आपल्या शिवाराचा पहिला बैल! रामरावांची छाती फुगली. याच्यापुढं कचरूची वासरं ती काय!

पोळ्याच्या आदल्या सांजेला, खांदेमळणीला, त्यांनी कवटीच्या कपाळाला तूप-हळद चोळली आणि बैलांना म्हणतात तेच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ लावून, झूल पांघरून कवटी गाडीत ठेवली. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून माणसांनीच गाडी ओढली. वेशीत कचरूची जोडी पुढं होती. ती थांबली. रेटली, चुचकारली, पण पाऊल उचलंना. सगळ्या घागरमाळा गप झाल्या. ओल्या गाळाचा वास आला.

वारं नव्हतं. तोरण तटकन तुटलं.

खाली कोणीच नव्हतं.

माणसं मागं सरली. रामराव मात्र गाडी वेशीत सोडून ताठ मानेनं घरी निघाले. दारात त्यांची बायको दुर्गाबाई परात घेऊन उभी होती. परातीतलं पाणी गढूळ झालं होतं.

"पहिला आपलाच आला," ती हळूच म्हणाली. "पाय धुतले. टिळा लावायला हात पुरंना, मंग पाटावर उभी राह्यले."

रामरावांना भरून आलं. "जेवला?"

"जेवला. पण मागचे येऊनच राह्यलेत. पोळ्या सरल्या."

रामरावांनी वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. दोन्ही कडांना गावचे बैल अंग चोरून उभे होते, आणि एकेकाची मान वेशीकडून रामरावांच्या दाराकडं हळूहळू वळत होती.