पिवळ्या रेघा

"आत्या, आत्ताच्या आत्ता ये! लॅपटॉपने मान टाकली!"

सकाळचे दहा वाजले होते. भाचीचा फोन ठेवून आत्या तडक निघाली. पंपाच्या कारखान्यात तयार माल तपासण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. वाकडा नट आणि खोटं बोलणारा माणूस, दोन्ही तिला लांबूनच ओळखू यायचे.

दुपारी चारला भाचीला शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट कॉलेजात चालवून दाखवायचं होतं. संगणकावर रचलेला तीनशे भागांचा गीअरबॉक्स. बापाने आधीच बजावलं होतं, या खेपेला आपटलीस तर शिक्षण बंद.

"फाइल निम्मी उघडते आणि गोठते," भाची म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "काल सकाळपर्यंत छान चालत होती गं."

"स्वस्तातली वस्तू. आणि चालवणारीचं डोकंही तेवढंच," दारातून आत्याचा भाऊ, म्हणजे भाचीचा बाप, बोलला. रात्रपाळीहून आला होता, त्याच कारखान्यातल्या जोडणी खात्याचा गणवेश अजून अंगावरच.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दुकानं पालथी घालून दोघींनी हा लॅपटॉप निवडला होता. पातळ, चकचकीत सोडून हा जाडजूड घेतला, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि सोळा जीबी मेमरी ऐपतीत यातच बसत होती. दुकानदाराला झाकण उघडायला लावून मेमरीच्या दोन्ही पट्ट्या तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. घरी आल्यावर सवयीने प्रत्येक स्क्रूवरून झाकणावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली होती. कारखान्यात आवळलेल्या स्क्रूवर ओढतात तशी. स्क्रू फिरला की रेघ तुटते.

तिने मेमरी तपासली. आठ जीबी!

लॅपटॉप पालथा केला. दहाही रेघा सरळ होत्या. पण एक रेघ स्क्रूवर जाड आणि झाकणावर बारीक होती, शेजारची नेमकी उलट. नखाने ढकलल्यावर दोन स्क्रू हलले.

इंजिनिअरिंग सोडून औषधांच्या दुकानात लागलेला भाचीचा थोरला भाऊ, दादा, कोपऱ्यात बसला होता.

"तू घेतला होतास लॅपटॉप?" आत्याने त्याला विचारलं.

"काल दुपारी. सिनेमा बघायला."

"या पिवळ्या रेघा कसल्या?"

"हिचं नेलपॉलिश सांडलं असेल."

आत्या भावाकडे वळली. "आणि तू?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"रेघा कसल्या?"

"मला काय माहीत? शोभेच्या असतील."

आत्या उठून उभी राहिली. "बास! आता ऐका. काल सकाळपर्यंत मशीन धड होतं, म्हणजे दुकानदार सुटला. त्यानंतर कोणीतरी झाकण उघडून एक पट्टी काढली. परत लावताना स्क्रूंची अदलाबदल झाली, जाड रेघेचा स्क्रू बारीक रेघेच्या भोकात गेला. तरी टोकाला टोक जुळवलंय. त्यापायी दोन स्क्रू ढिलेसुद्धा ठेवलेत. दादाला हे नेलपॉलिश वाटतं, तो कशाला जुळवत बसेल? आणि पंचवीस वर्षं जोडणी खात्यात याच रेघा ओढणारा तू मला सांगतोस, शोभेच्या असतील?"

भावाचा चेहरा उतरला. "ताई, हळू बोल."

"का हळू? पोटच्या पोरीच्या वाटेत काटे पेरताना लाज नाही वाटली?"

"थोरला याच वर्षात दोनदा नापास झाला," तो पुटपुटला. "ही पास झाली तर चार लोकांत त्याने तोंड कुठे दाखवायचं?"

दादा ताडकन उठला. "माझं नाव पुढे करू नका, बाबा! मी सांगितलं होतं तुम्हाला?"

भावाने गणवेशाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली पट्टी काढली. "आण, बसवून देतो."

भाचीने ती त्याच्या हातातून घेतली. "राहू द्या. मला येतं."

तिने दहा स्क्रू काढले, पट्टी बसवली, दहाही घट्ट आवळले. फाइल उघडली. पडद्यावर तीनशे भाग सुरळीत फिरू लागले. आत्याने डोळे पुसले आणि ती उगाचच खोकली.

भाचीने लॅपटॉप पिशवीत भरला. भाऊ घाईघाईने चपला शोधू लागला. "थांब, मी सोडतो तुला कॉलेजात."

"नको," ती म्हणाली. "दादा सोडतोय."

दादाने गाडी काढलीसुद्धा होती.