पालथी कळशी

दवाखान्याच्या धुलाईघरातली सकाळची पाळी आटोपून नवी घरी आली, की चपला काढल्या काढल्या तिचं पहिलं काम ठरलेलं असे. बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत पाणी घालायचं. टाकीतलं पाणी उडून जातं, काचेवर पांढुरकी रेघ राहते आणि पाणी तिच्या खाली उतरतं. तेवढं भरून काढायचं.

नवी हे काही तिचं नाव नव्हे. जिन्यातल्या बायकांनी ठेवलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याची पहिली बायको आजाराने गेली, वर्ष उलटलं आणि ही आली, म्हणून नवी. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि तिने ते मनाला लावूनही घेतलं नव्हतं. चाळिशीला टेकल्यावर पहिल्यांदा स्वतःचं घर मिळालेली बाई ती. बाहेरच्या दहा तोंडांपेक्षा घरातलं एक मिटलेलं तोंड तिला जास्त छळत होतं.

ते तोंड भिंगरीचं. पोरगी पूर्वी एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. आता शाळेतून आली, की पाठीवरचं दप्तरही न काढता टाकीपुढच्या स्टुलावर जाऊन बसायची, ती दिवे लागेपर्यंत. टाकी तिच्या आईची. आत मासा एकही नाही. नखाएवढ्या, लालचुटूक, गोड्या पाण्यातल्या कोळंब्या. शेवाळाच्या गालिच्यावर फिरत, इवल्या इवल्या हातांनी आपल्याला न दिसणारं काहीबाही वेचून तोंडात टाकत. सारखं काम. बसणं म्हणून नाही.

"पाळायच्या कोळंब्या?" खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली होती. "अगं, कढई दाखवली की शेपटी हलवतात का गं?"

नवी हसली होती. पण लग्नानंतर पहिल्याच दिवशी चष्मेवाल्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाकी घर तू तुझ्या मनाने मांड. तेवढं टाकीचं सांभाळ. साबणाचा हात घालू नकोस. पोरीचा जीव आहे त्यात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, सगळं तिची आईच बघायची."

म्हणून नवी सांभाळत होती, अगदी पाहुण्यासारखं. घरातलं उत्तम पाणी टाकीला. माहेरून तिच्या आईने दिलेली तांब्याची कळशी ती रात्री काठोकाठ भरून ओट्यावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं निवळ, गार पाणी फुलपात्राने टाकीत सोडायची. तिची आई जन्मभर त्याच कळशीतलं पाणी प्यायली होती आणि म्हातारपणीही खणखणीत होती.

सुरुवातीला एकदा टाकीच्या तळाशी तिला एक कोळंबी आडवी दिसली. काचेसारखी आरपार, पाय आणि मिशांसकट. मेलीच, असं नवीला वाटलं. ती चिमट्याने उचलणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"कात आहे ती. राहू द्या. त्या खातात नंतर."

एवढंच. पण भिंगरी तिच्याशी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य. नवीने ते दिवसभर मनात घोळवलं.

मग मात्र खऱ्याच मरू लागल्या. आधी एक, मग रोजच. रंग उडून दुधट पडलेल्या, कुशीवर कललेल्या. भिंगरी त्या चहाच्या गाळणीने काढून खिडकीतल्या कुंडीत पुरायची. रडायची नाही. एके संध्याकाळी माती सारखी करता करता एवढंच म्हणाली, "तुम्ही आल्यापासून मरतात."

नवी स्वयंपाकघरात गेली आणि कळशी घासायला घेतली. घासून घासून लखलखीत केली, भरली. म्हटलं, अजून स्वच्छ पाणी घालू.

सकाळी कळशी पालथी होती.

ओट्यावर, तोंड खाली करून, नीट ठेवलेली. सांडलेली नव्हे. पाणी मोरीत गेलेलं. नवीने ती पुन्हा भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचा धीर सुटला.

"राग असेल तर तोंडाने सांग ना गं! असं चोरून कशाला करायचं?"

भिंगरी दूध पिता पिता थांबली. तिने कळशीकडे पाहिलं, मग आपल्या काडीसारख्या दंडांकडे.

"भरलेली उचलवते का मला ती?" ती म्हणाली.

नवीने चष्मेवाल्याकडे बघितलं, तर तो कमरेला पट्टा बांधून फिरणारा माणूस. त्याला पाण्याची बादली उचलायची डॉक्टरांनी बंदी केलेली.

त्या दुपारी घरात ती एकटी होती. दाराला आतून कडी. ऊन पडलं की काचेवर शेवाळ धरतं म्हणून टाकीजवळचा पडदा कायम ओढलेला, त्यामुळे बाहेर लख्ख दुपार असूनही खोलीत तळ्याच्या बुडाशी असावा तसा हिरवट अंधार. हवेची नळी टाकीत बुडबुडे सोडत होती. बुडबुड... बुडबुड... ओल्या मातीचा आणि शेवाळाचा वास. नवीने कळशी भरून ओट्यावर ठेवली आणि बाहेर येऊन भिंगरीच्या स्टुलावर बसली. बघूच म्हटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मध्येच तिच्या लक्षात आलं, की बुडबुडे ऐकू येत नाहीयेत. टाकीकडे पाहिलं. बुडबुडे वर येत होते. आवाज मात्र नव्हता.

आणि स्वयंपाकघरात धातू दगडाला हळूच लागला.

आदळल्यासारखा नाही. घरात कुणी झोपलं असेल तर आपण भांडं कसं जपून ठेवतो, तसा. मग पाण्याची संथ, एकसारखी धार... मोरीत उतरणारी.

नवी उठली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. कळशी पालथी. आणि तांब्यावर दोन्ही बाजूंना ओल्या बोटांचे ठसे. बारीक, लांबट बोटं. तिच्या डोळ्यांदेखत ते कडेकडेने वाळत गेले... एकेक करून.

"ताई...?" तिच्या तोंडून निघालं. जिला कधी पाहिलं नाही तिला दुसरं काय म्हणणार? "ताई, माझं काय चुकलं ते तरी सांगा हो..."

टक.

बाहेरच्या खोलीतून. काचेवर नख वाजावं तसं. टक... टक.

मोरीपासून टाकीपर्यंत फरशीवर थेंब पडले होते. ती त्यांच्यामागून गेली. टाकीत, ती जिथे फुलपात्र ओतायची नेमक्या त्याच कोपऱ्यात, आणखी एक कोळंबी कुशीवर पडली होती. नवी तिच्याकडे बघत राहिली. मग थेंबांकडे. मग उघड्या दारातून दिसणाऱ्या कळशीकडे.

अंगातली भीती होती तिथेच राहिली, पण डोकं चालू लागलं.

कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानात ती पदर सावरत, धापा टाकत पोचली. दुकानदार जाळीने मासे पकडत होता. चष्मेवाल्यांच्या घरच्या कोळंब्या रोज मरताहेत, असं तिने सांगितलं.

"टाकीत नवीन काय घातलंत?"

"काही नाही हो. पाणीच तेवढं. तांब्याच्या कळशीतलं, रात्रभर ठेवलेलं. चांगलं."

त्याने जाळी खाली ठेवली. "बाई, ते तुम्हाला चांगलं. कोळंबीला विष आहे. तांबं उतरतं पाण्यात. मासा एक वेळ सोसेल, ही नाही सोसणार. साधं नळाचं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवा आणि थोडं थोडं करून बदला. आधीच्या बाईंना तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"त्यांनी मलाही सांगितलं," नवी म्हणाली.

"तुम्हाला? कधी?"

नवी तोवर पायऱ्या उतरली होती.

संध्याकाळी तिने भिंगरीला जवळ बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "मीच मारल्या गं त्या. माझ्या हाताने. चांगलं म्हणून घालत होते, मला ठाऊक नव्हतं." कळशी कुणी पालथी केली तेही सांगितलं. पोर घाबरेल असं वाटलं होतं. पोर घाबरली नाही.

"मला वाटलं, आई तुमच्यावर चिडलीय," ती म्हणाली.

"चिडली असती तर कळशी कशाला, मलाच पालथं केलं असतं."

भिंगरी फिस्सकन हसली. हसली आणि मग नवीच्या मांडीवर डोकं ठेवून, इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं रडली.

कोळंब्या सावरायला वेळ लागला. पण मरायच्या थांबल्या. एका संध्याकाळी नवी भाजी चिरत असताना बाहेरून हाक आली, "अगं, ये ना लवकर! बघ!" पहिल्यांदाच अगं. नवी विळी तशीच टाकून धावली. एका कोळंबीच्या पोटाखाली अंड्यांचा पिवळसर घोस होता आणि ती त्याला पायांनी वारा घालत होती.

"आता हात घाल आत," भिंगरी म्हणाली. "आई घालायची. हलवायचा नाही. त्या येतात."

नवीने हात खळखळून धुतला, बांगड्या काढल्या आणि कोपरापर्यंत आत घातला. पाणी चढून वरच्या काठाशी आलं. थोड्या वेळाने एक आली, मग चार, मग कितीतरी. धुलाईच्या सोड्याने फाटलेल्या तिच्या बोटांवर बसून सालपटं वेचू लागल्या. इतक्या गुदगुल्या की दोघी खुसखुसत राहिल्या.

मग नवीचं हसू थांबलं.

तिच्या बोटांपासून वीतभर पुढे, मोकळ्या पाण्यात, आणखी काही कोळंब्या बसल्या होत्या. पोहत नव्हत्या. बसल्या होत्या. खाली शेवाळ नाही, पान नाही, काही नाही. चार वाकड्या ओळींत, पाचवी ओळ अंगठ्यासारखी थोडी बाजूला... आणि खाली मान घालून त्या जिवाभावाने वेचत होत्या.

"हळू," भिंगरी कुजबुजली. तिचा चेहरा उजळला होता. "घाबरू नकोस. काढ हळूच."

नवीने श्वास धरून हात बाहेर काढला. कोळंब्या एकेक करून उतरल्या. हातावरून पाणी निथळून थेंब थेंब टाकीत पडलं. भिंगरीने टॉवेल पुढे केला, नवीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती काठाकडे बघत होती.

हात बाहेर होता. पाणी खाली उतरलं नव्हतं.