पिठाचे रिंगण

डोळे मिटा आणि एवढे मनात आणा. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा माळ. मेंढ्यांनी जमिनीलगत कुरतडलेले गवत. त्या गवतावर ओटच्या पिठाने काढलेले एक मोठे रिंगण. रेघ जेमतेम चार बोटे रुंद. आत चार माणसे उभी आहेत. ऑगस्टची पहिली तारीख, सुगीचा सण, भर दुपार, वर ऊन. एक पाऊल टाकले की बाहेर, सावलीत. पण तासभर झाला, चौघांपैकी कोणीही ते पाऊल टाकलेले नाही.

आता डोळे उघडा. केन्सा हॉस्किन तिथे पोचल्या आहेत आणि आपल्यालाही नीट पाहायला हवे.

हॉस्किनबाई गावच्या पोलीस कॉन्स्टेबल. त्या घरी चहा ओतत होत्या, तेवढ्यात नऊ वर्षांची टेगेन पास्को धापा टाकत कुंपणाशी आली.

"लव्हडे आजीने बोलावलंय. पेला गेला. आणि पेरानकाका म्हणतात, माझ्या बाबांनीच घेतला."

हॉस्किनबाईंनी चहा तसाच ठेवला. टेगेनचे बाबा, जोरी पास्को, चोरीबद्दल तुरुंगात होते. आठ महिन्यांपूर्वी अटींवर सुटले होते. पोलिसांच्या वहीत पुन्हा नाव चढले, तर उरलेली दोन वर्षे आत. आणि टेगेन परत परक्यांच्या घरी, बॉडमिनला. हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. टेगेनलाही.

रिंगणाशी येताच टेगेनने टुणकन उडी मारली आणि आत जाऊन बाबांचा हात धरला. हॉस्किनबाई मागोमाग निघाल्या.

"थांबा," आतून म्हातारीने हात वर केला. "दार कापलेलं नाही."

ही लव्हडे नॅनकॅरो, वय एक्क्याऐंशी. माळावरच्या या छोट्या विक्का मंडळाची, म्हणजे जुन्या पद्धतीने निसर्गपूजा करणाऱ्यांची, प्रमुख.

"कसलं दार? मला तर पीठ दिसतंय."

"पीठ तुमच्या डोळ्यांसाठी. मीठ टाकलं तर गवत जळतं, म्हणून पीठ. खरी भिंत या सुरीने ओढलेली आहे." तिने काळ्या मुठीची सुरी दाखवली. "आधी जागा झाडली. खारं पाणी शिंपडलं. पूर्वेला पीस, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला समुद्राचं पाणी, उत्तरेला धोंडा. मग सूर्य फिरतो तसं फिरून रिंगण बांधलं. आता बाहेर पडायचं तर सुरीने दार कापायचं आणि पुन्हा लावायचं. आज मी ते एकदाही कापलेलं नाही."

"आणि पेला सापडेपर्यंत कापणार नाही म्हणते," पेरान चेगविडन कुरकुरला. हा निवृत्त पोस्टमन, मंडळाचा ढोलवाला. "टोपी घरी विसरलो. टक्कल शेकून निघालं माझं."

"शेकू दे. आत काही पिकलं तर पिकेल," म्हातारी म्हणाली.

हॉस्किनबाईंनी वही काढली, पण उघडली नाही. रेघेच्या बाहेर उभ्या राहूनच त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"पेला कसला?"

"कथलाचा. माझ्या पणजोबांनी खाणीतून आणलेल्या कथलाचा. मुठीएवढा."

"विकून काय येईल?"

"एक बनपाव आला तरी नशीब. पण ज्याच्या हाती पेला, तो मंडळाचा पुढचा प्रमुख. मी उद्या मुलीकडे जाणार, कायमची. आज पेला पुढच्या हाती द्यायचा होता."

"कोणाच्या?"

"ते पेला हातात घेऊन सांगायचं असतं."

"त्यात सांगायचं काय?" पेरान म्हणाला. "मॉर्वेना एकतीस वर्षं मंडळात आहे. ती सोडून कोण?"

चौथी व्यक्ती ती. मॉर्वेना हॉकिंग, गावात पाव भाजणारी. नीटनेटकी, हात पांढऱ्या एप्रनमध्ये गुंडाळलेले.

"पेला शेवटचा कधी दिसला?"

"मधल्या दगडावर होता," म्हातारी म्हणाली. "आम्ही डोळे मिटले. पेरानने तीनशे ठोके वाजवले. डोळे उघडले तर दगड रिकामा."

"तुम्ही डोळे मिटून वाजवता, पेरान?"

"बाई, चाळीस वर्षं वाजवतोय. झोपेतही वाजवतो, बायकोला विचारा." मग त्याने मान जोरीकडे झुकवली. "मी कुणावर आळ घेत नाही. पण आधीचा चोर आपल्यात एकच आहे."

जोरीने टेगेनचा हात सोडला आणि खिसे उलटे करून दाखवले. एक रुमाल, एक खिळा, अर्धी पेन्सिल.

"सगळ्यांनी दाखवले," तो म्हणाला. "पुन्हा दाखवतो. हवं तर बूटही काढतो."

"पेला सूर्य मावळेपर्यंत मिळाला नाही तर?" हॉस्किनबाईंनी विचारले.

"मग रिंगण मोडेन, मंडळही मोडलं," म्हातारी म्हणाली. "आणि तुम्हाला वहीत लिहावं लागेल."

हॉस्किनबाई रिंगणाभोवती चालू लागल्या. मधला दगड बाहेरूनही स्पष्ट दिसत होता. त्यावर एक गोल पाव, पाण्याचा वाडगा, मिठाची बशी. गवत इतके आखूड, की त्यात बटणही लपले नसते. पिठाची रेघ कुठेही विसकटलेली नव्हती.

रिंगणाबाहेर माळाच्या दगडी भिंतीशी मॉर्वेनाची सायकल टेकलेली होती. पुढच्या टोपलीत निळ्या चौकटीच्या फडक्यात गुंडाळलेला एक मोठा गोल पाव होता. हॉस्किनबाईंनी तो उचलून खाली पाहिले. टोपली रिकामी. पाव हाताला चांगलाच जड लागला.

"जपून," मॉर्वेना पहिल्यांदाच बोलली. "शेजारच्या म्हाताऱ्या बाईंसाठी आहे. राय धान्याचा आहे, लवकर भुगा होतो."

हॉस्किनबाईंनी पाव परत ठेवला.

"मॉर्वेना, आज इथे पहिलं कोण आलं?"

"मी. मग पेरान."

"हो," पेरान म्हणाला. "पीठ मी टाकलं. हिने दोन्ही पाव दगडावर मांडले, मी फडकं धरलं. एक आपल्यासाठी, एक शेजारणीसाठी. आशीर्वादाचा पाव आजारी माणसाला चांगला, म्हणाली. मनाची मोठी आहे. नाहीतर काही लोक नुसतं खायला येतात."

"ते तुलाच लागू पडतं, पेरान," म्हातारी म्हणाली.

हॉस्किनबाई हसल्या नाहीत. त्यांनी दगडाकडे पाहिले, मग सायकलीकडे, मग पुन्हा दगडाकडे.

तुम्हीही पाहा. जे हवे ते सगळे आता तुमच्यासमोर आहे. पुढची ओळ वाचण्याआधी एक श्वास थांबा.

"लव्हडे आजी, एकच प्रश्न. या रेघेवरून दार न कापता कोणालाच जाता येत नाही?"

"कोणालाच नाही."

"मग मला बोलवायला कोण आलं?"

म्हातारी गोंधळली. "टेगेन. पण लहान मुलांचं आणि मांजरा-कुत्र्यांचं वेगळं. ती कुठूनही येवोत, जावोत. रिंगण त्यांना मोजत नाही."

"तुम्हीही मोजलं नाहीत. माझ्या येण्याआधी कोणी तिला काही विचारलं?"

हॉस्किनबाई रेघेशी गुडघ्यावर बसल्या.

"टेगेन, ढोल वाजत होता तेव्हा तू काय करत होतीस?"

"फुलं ओवत होते."

"आणि मग?"

"मग मॉर्वेनामावशीने खूण केली. पाव हातात दिला. कानात म्हणाली, सायकलीत ठेव, मुंग्या लागतील. जड होता खूप. दोन्ही हातांनी नेला." तिने बाबांकडे पाहिले. "मी काही वाईट केलं का?"

"नाही, बाळ. तुला जे सांगितलं ते तू केलंस," हॉस्किनबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

"आता ऐका. रिंगण बांधलं तेव्हा दगडावर दोन पाव होते. आता एक आहे, दुसरा सायकलीत. दार एकदाही कापलेलं नाही. म्हणजे पाव रेघ ओलांडून गेला आणि नेणारी टेगेनच. तेवढ्याने चोरी ठरत नाही. पण चोर कसा आहे, ते मला तिथेच कळलं. विकणारा चोर कथलाच्या पेल्याला हात लावणार नाही. आणि तुरुंग पाहिलेला, मंडळात नवा आलेला जोरी असता, तर डोळे मिटलेल्या माणसांमधून सरळ रेघ ओलांडून पेला भिंतीपलीकडे टाकून आला असता. पीठच तर आहे. हा चोर तसा नाही. हा पेला चोरेल, निरपराध माणसावर आळ येऊ देईल, पण दार कापल्याशिवाय पाऊल बाहेर टाकणार नाही. त्याची श्रद्धा पक्की आहे. म्हणून त्याला एक लहान मूल लागलं."

"पण पेला तिलाच मिळणार होता की," पेरान म्हणाला. त्याने ढोल खाली ठेवला होता.

"तसं तुम्हाला वाटत होतं. आजी, पेला कोणाला देणार हे तुम्ही कोणाला सांगितलं होतंत?"

म्हातारीने सुरीची मूठ घट्ट धरली. "काल संध्याकाळी, मॉर्वेनाला. तिला आधी सांगणं माझं कर्तव्य वाटलं. पेला जोरीला जाणार होता."

जोरीने चमकून वर पाहिले. त्यालाही हे नवे होते.

हॉस्किनबाईंनी सायकलीतला पाव आणला आणि उलटा केला. बुडाचा एक गोल तुकडा कापून पुन्हा बसवलेला होता. तो काढताच आतल्या पोकळीत कथील चमकले.

"एकतीस वर्षं," मॉर्वेना हळू म्हणाली. एप्रनमधून तिने हात बाहेर काढले. "दर सणाला पाव मी भाजले. आणि पेला आठ महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला."

"तुला पाव नीट येतात," म्हातारी म्हणाली. "माणसं राखायला दुसरं काही लागतं. मला खात्री नव्हती. आता आहे."

"वहीत काय लिहू?" हॉस्किनबाईंनी विचारले.

"लिहा, पेला सापडला."

"मला बाहेर जाऊ दे," मॉर्वेना म्हणाली. ती रेघेशी येऊन उभी होती. आत्ताही तिने ती ओलांडली नाही.

"दार उघडू. आधी पेला आत येऊ दे," म्हातारी म्हणाली.

टेगेन उडी मारून बाहेर आली. हॉस्किनबाईंनी पेल्यातला पावाचा चुरा झटकला आणि पेला तिच्या हाती दिला. पोर वळली. सगळ्यांना वाटले, आता पुन्हा टुणकन उडी.

टेगेन पिठाच्या रेघेशी थांबली. बुटांची टोके रेघेला अगदी टेकली होती.

"ये ना," पेरान म्हणाला. "तुला दार कशाला? तुला रिंगण मोजत नाही."

"म्हणूनच मला पाव दिला," टेगेन म्हणाली. "दार कापा."

म्हातारीने मान डोलावली. मग काळ्या मुठीची सुरी जोरीच्या हातात ठेवली. त्याने आयुष्यात बरीच दारे उघडली होती, पण असे एकही नाही. त्याने हवेत वर, आडवी, खाली रेघ ओढली आणि बाजूला झाला.

टेगेन दोन्ही हातांत पेला धरून दारातून आत आली. मॉर्वेना तिच्या शेजारून मान खाली घालून बाहेर गेली. टेगेनने पेला दगडावर ठेवला, मागे वळली आणि बाबा सुरीने दार लावून होईपर्यंत जागची हलली नाही.